निळ्या पिंपाचं चिलखत

सुरतेजवळच्या पलसाण्याच्या डाइंगमधून, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यांतून, रंगाची रिकामी पिंपं भंगारात निघतात. निळी, जाड प्लॅस्टिकची, माणसाच्या छातीइतकी उंच. आमच्या नवागामात वापरायचं पाणी साठवायला घराघरात ती असतात. मी तशी दोन आणली तेव्हा माझ्या बायकोला, कलाबाईला, वाटलं पाण्यासाठीच आणली. मी करवतीचं पातं घेऊन एक पिंप उभं चिरायला लागलो, तशी ती हात पुसत दारात आली.

"आते हाई काय नवं?" तिनं विचारलं. इतकी वर्षं सुरतेत काढून तिनं अहिराणी सोडली नाही.

"लखनचं चिलखत," मी म्हटलं.

ती आत जाऊन भाकरी थापायला बसली. तिला काही बोलायचं असलं की ती समोर येऊन बोलते. आत गेली म्हणजे बोलायचं नव्हतं.

समोर यावं लागतं, कारण मला फार थोडं ऐकू येतं. माझं आयुष्य उधन्याला लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, गेलं. चारी बाजूंनी माग खडखडत असले की तिथं आवाजाने कोणी बोलत नाही. ओठांकडे बघायचं, नाहीतर हाताची खूण करायची. धागा तुटला तर दोन बोटं कात्रीसारखी हलवायची. मोटार बंद कर म्हणायचं तर तळहात खाली दाबायचा. माझा पोरगा लखन मिसरूड फुटायच्या आत माझ्याच खात्यात आला आणि माझ्या शेजारच्या मागांच्या जोडीवर उभा राहिला. बाप-लेकाचं म्हणून जे काही बोलणं आमच्यात झालं, ते दोन मागांच्या मधल्या बोळातून, ओठांवर झालं. त्याचे कान अजून चांगले आहेत. पाय मात्र गेले. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्यात आणि संध्याकाळी पाय सुजून चपलेत जात नाहीत.

दिवाळीनंतर मालकाने जुने माग भंगारात काढले आणि पाण्याच्या झोतावर चालणारी मशिनं बसवली. तिथं एकेका माणसाला सबंध रांग बघत पळावं लागतं. लखनला त्यांनी घेतलं नाही. तो घरी आला आणि खाटेवर बसला. होळी झाली तरी बसलेलाच होता.

आमची सून योगिता घरी साड्यांना टिकल्या लावायचं काम करते. मार्केटमधून गठ्ठे येतात. साडीवर नक्षी छापलेली असते, तिच्यावर डिंकाचे थेंब टाकत जायचं आणि थेंबाथेंबावर टिकली बसवायची. आधी लखन तिला टिकल्यांची पाकिटं फोडून द्यायचा. मग साडीचं टोक ताणून धरायला लागला. मग एक दिवस मी बाहेरून आलो तर तो भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेला, मांडीवर जांभळी साडी आणि बोटात टिकली. समोरच्या शोभाबाई आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. मला वाचता येईल असं तोंड मोठं करून त्या म्हणाल्या, "लोटूआप्पा, तुमच्या घरी आता दोन सुना नांदतात की."

त्या हसल्या. योगिताही हसली. मला ते लागलं.

"बांगड्या आणून देऊ का रे तुला?" मी लखनला म्हटलं.

त्याने वर पाहिलं नाही. टिकली थेंबावर ठेवली आणि बोटाने दाबून धरली.

दुसऱ्या दिवशी मी कुंदनकडे गेलो. कुंदन आमच्याच गल्लीतला पोरगा, लग्नाच्या पार्टी प्लॉटवर सजावटीची कामं घेतो. सुरतेत आता लग्नाच्या दारात पहारेकरी उभे करायची पद्धत आहे. डोक्यापासून पायापर्यंत चिलखत घातलेले, हातात भाला, हलायचं नाही, बोलायचं नाही. पाहुणे शेजारी उभे राहून फोटो काढतात. मी कुंदनला म्हटलं, लखन रिकामा आहे.

"लखनभाई?" त्याने तोंडातली बडीशेप गालात सारली. "हाईट तर जबरदस्त आहे त्यांची. पण आप्पा, माझे सूट सगळे बारक्या पोरांचे आहेत. भाईच्या अंगात मांडीपर्यंत पण नाही जाणार."

"सूट आम्ही करतो."

"तुम्ही?"

"फोटो दे."

त्याने मोबाइलवर फोटो दाखवला आणि तो योगिताच्या मोबाइलवर पाठवून दिला. वर म्हणाला, "चेहरा पूरा बंद पाहिजे हां आप्पा. तोंड दिसलं की मजा जाते. मोठं लग्न आहे शनिवारी. त्याच्या आधी एकदा घालून दाखवा मला."

लखनला मी संध्याकाळी सांगितलं. तो "बरं" म्हणाला. त्याचे ओठ एवढेच हलले.

मग आमच्या घरात काम सुरू झालं. असं काम मी कधी केलं नव्हतं, पण प्लॅस्टिक काय आणि सूत काय, हाताला हळूहळू कळत जातं. पिंपाचं प्लॅस्टिक थंड असताना हट्टी असतं. योगिताची इस्त्री ओल्या फडक्यावरून फिरवली की ते नरम पडतं आणि थोडा वेळ म्हणाल तसं वाकतं. छातीचा आणि पाठीचा पत्रा आम्ही गॅसच्या रिकाम्या टाकीवर वाकवला. मी आणि लखन दोन्हीकडून दाबून धरायचो आणि योगिता वरून गार पाणी ओतायची. टाकी लखनच्या छातीपेक्षा अरुंद, म्हणून मध्ये कलाबाईची जुनी गोधडी गुंडाळली. खांद्यांसाठी पिंपाचा वरचा गोल काठ कापून घेतला, तो जसाच्या तसा खांद्यावर बसला. गुडघ्यांच्या वाट्या केमिकलच्या लहान कॅनच्या बुडाच्या. शिरस्त्राण रंगाच्या बादलीचं केलं. पुढे डोळ्यांसाठी दोन फटी ठेवल्या आणि वर तुरा म्हणून सूत गुंडाळलेलं येतं तो पुठ्ठ्याचा रिकामा कोन उलटा बसवला.

"हा कोन माझ्याच मागावरचा असेल," लखन म्हणाला. त्या सगळ्या कामात त्याने आपणहून काढलेला तो एकच शब्द.

"मग आता तुझ्या डोक्यावर बसू दे," योगिता म्हणाली.

चांदीचा रंग मारला तर तो वाळला आणि नखाने पापुद्र्यासारखा निघाला. डिंकही धरेना. त्या पिंपाला काहीच चिकटत नाही. शेवटी योगिताने खराब निघालेल्या राखाडी साडीचं कापड प्रत्येक तुकड्यावर ताणून शिवलं आणि कडेने सोनेरी लेस लावली. दुरून बघितलं तर कोणी पिंप म्हटलं नसतं. तुकडे एकमेकांना चिकटणार नाहीत म्हटल्यावर ते बांधायलाच हवे होते. मी सळई चुलीत लाल करून कडांना भोकं पाडली आणि नायलॉनची बारीक दोरी ओवायला घेतली.

दोरी हातात आल्यावर मला बरं वाटलं. खातं सोडल्यापासून बोटांना काही कामच नव्हतं. मागावर तुटलेला धागा जोडायची एक गाठ असते. ती डोळे मिटून, चालत्या मागावर, एका हाताच्या तीन बोटांत मारतात. तिळाएवढी होते, मागाच्या फणीतून न अडकता निघून जाते आणि जितका ताण पडेल तितकी घट्ट बसते. दुसरी गाठ मला येत नाही. कधी लागलीच नाही.

गुरुवारी दुपारी आम्ही लखनला पहिल्यांदा सगळा सूट चढवला. कुंदन पाच वाजता बघायला येणार होता. वैशाखाचं ऊन छपराच्या पत्र्यावर पडून खोली तापलेली, पंखा गरम वारा टाकत होता. लखन खोलीच्या मध्ये उभा राहिला. मी खालून सुरुवात केली. नडग्या, गुडघे, मांड्या. मग हात. शिरस्त्राणाचा खालचा काठ छातीच्या पत्र्याच्या आत जायला हवा होता, नाहीतर मान दिसते, म्हणून ते आधी घातलं. ते घालताना लखनने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चल, डोकं घाल." त्याने घातलं. त्यानंतर छातीचा आणि पाठीचा पत्रा लावला आणि कुशीतल्या भोकांतून दोरी ओवून मी दोन्ही बाजू जवळ ओढायला लागलो.

काम सुरेख होत होतं. दोन पत्र्यांमधली फट बोटाएवढी होती, ती मिटत आली. प्रत्येक भोकाला एक गाठ. डावी कूस झाली, उजवी झाली. मग मी मागे गेलो आणि पाठीवरून खांदे बांधायला घेतले. लखन मधेच थोडा हलला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, मागाला मारावी तशी, आणि म्हटलं, "होत आलं. उभा राहा नीट." तो पुन्हा हलला. मी गुडघा त्याच्या पाठीला लावून दोरी ओढली.

माझ्या दंडाला कोणीतरी धरलं. वळून पाहिलं तर कलाबाई. तिच्या हातातला पाण्याचा तांब्या हिंदकळून माझ्या पायावर सांडला.

"तुमले ऐकू येस का?" ती म्हणत होती. "तो कव्हयपासून सांगी ऱ्हायना. सोडा त्याले. सोडा."

मी पुढे आलो. लखनचा उजवा हात मनगटापर्यंत बांधलेला होता, पण पंजा मोकळा होता. तो तळहात खाली दाबत होता. पुन्हा पुन्हा. मोटार बंद कर.

मी गाठीला हात घातला. नखं लागेनात. दाताने धरली. ताण पडून ती तिथं नसल्यासारखी बसली होती. दुसरी बघितली, तीही तशीच. सगळ्या तशाच होत्या, सगळ्या माझ्याच हातच्या. लखन मागे भिंतीकडे झुकला आणि भिंतीवरून घसरत खाली आला. वाकता येत नव्हतं म्हणून फळीसारखा, पाय पुढे सरकत. योगिता ओट्यावरून धावत आत आली, तिने साडीचे धागे कापायची इवलीशी कातर आणली. ती दोरीला पुरेना, तशी तिने विळी ओढली आणि पायाने दाबून, लखनला बाजूने धरून, पात्यावर एकेक दोरी कापली.  मी अजून दाताने गाठ धरायला बघत होतो, म्हणून तिने मला बाजूला केलं.

शिरस्त्राण निघालं तेव्हा त्याचा चेहरा उकडलेल्यासारखा लाल होता. केस कपाळाला चिकटलेले. तो तोंड उघडून श्वास घेत राहिला. कलाबाईने तांब्यातलं उरलेलं पाणी त्याच्या मानेवर ओतलं. खोलीत निळे आणि राखाडी तुकडे सगळीकडे पडले होते.

"काय म्हणत होतास?" मी त्याला विचारलं.

"काही नाही आबा," त्याचे ओठ म्हणाले. तो उठला आणि मोरीत जाऊन डोक्यावर पाणी घेऊ लागला.

मी ओट्यावर जाऊन बसलो. कलाबाई मागून आली आणि माझ्यासमोर पायरीवर बसली, तोंड दिसेल असं.

"काय म्हणत होता?" मी विचारलं.

तिला सांगायचं नव्हतं. तिने पदराने तोंड पुसलं, गल्लीकडे बघितलं. मग सांगितलं. आधी तो म्हणाला, आबा, श्वास घ्यायला होत नाही, ढिलं करा. दोनतीनदा म्हणाला. तुम्ही ओढतच होता. मग म्हणाला, माझ्या पायांना आता उभं राहवत नाही. खात्यात उभा राहिलो तेवढं बस झालं. मला योगिताजवळ बसून टिकल्या लावायच्यात. लोकांना हसायचं तर हसू द्या. आबा, तुम्हीपण हसा.

"हे एवढं तो मला म्हणाला?"

"तुमले ऐकू येणार नही, हाई त्याले माहीत व्हतं," ती म्हणाली. "म्हनीसन तो बोलना."

मला ऐकू येणार नव्हतं, म्हणूनच तो एवढं बोलला होता. समोर शोभाबाई पापड वाळत घालत होत्या. त्यांनी काय झालं म्हणून हाताने विचारलं. मी हाताने काही नाही म्हटलं.

कुंदन पाच वाजता आला. मोटरसायकल ओट्याला टेकवून आत डोकावला आणि खाली पडलेले तुकडे पाहून त्याने कपाळाला हात लावला. पण मग त्याने छातीचा पत्रा उचलला, उन्हात धरला, लेसवरून अंगठा फिरवला.

"आप्पा, काम तर एक नंबर आहे. हे बांधलं नाही का अजून?"

लखन टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. "दोरी तुटली," तो कुंदनला म्हणाला. "शनिवारपर्यंत करतो नीट. येतो मी."

इतक्या सहज म्हणाला की मीपण खरं मानलं असतं. खात्यात मुकादमासमोर तो असाच बोलायचा. पाय सुजलेले असले तरी रात्रपाळीला येतो म्हणायचा, आणि मी शेजारच्या जोडीवरून ते ओठ वाचायचो आणि मला वाटायचं, पोरगा कामाला वाघ आहे.

"पक्का ना भाई?" कुंदन म्हणाला. "मी पार्टीला नाव देऊन टाकतो."

"नको देऊ," मी म्हटलं.

माझा आवाज किती मोठा झाला ते मला कळलं नाही, पण शोभाबाईंनी पापडावरून मान वर केली. लखन माझ्याकडे बघायला लागला.

"सूट घेऊन जा," मी कुंदनला म्हटलं. "माणूस दुसरा बघ. लखनला जमणार नाही."

"अरे आप्पा, तुम्हीच तर आला होतात माझ्याकडे. आता एवढा उंच माणूस मी शनिवारपर्यंत कुठून आणू?"

"तुझं तू बघ."

"आणि भाई काय करणार? असंच बसून?"

"साड्यांचं काम आहे घरात," मी म्हटलं. "दोन माणसांना पुरून उरतं."

कुंदन लखनकडे बघून हसला. काहीतरी म्हणाला. त्याचं तोंड वळलेलं होतं, म्हणून मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. पण लखनच्या तोंडावर मला काही लागल्याचं दिसलं नाही. कुंदन जाताना म्हणाला, सूट तयार करून ठेवा, कोणी मिळाला तर घेऊन जातो. पण गाठी अशा मारा की पोराला आतून निघता आलं पाहिजे. उन्हाळ्यात चक्कर येते पोरांना.

तो गेल्यावर लखन दारातच उभा होता. त्याला काही विचारायचं असेल असं वाटून मी त्याच्याकडे तोंड करून बसलो. त्याने विचारलं नाही. टॉवेल तारेवर टाकला आणि आत गेला. मी आत गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, पायांखाली उशी, आणि योगिता त्याच्या मांडीवर पिवळी साडी पसरत होती.

दुसऱ्या दिवशी मी सगळे तुकडे घेऊन त्यांच्याच शेजारी बसलो. जुन्या दोऱ्यांचे तुकडे भोकांतून उपसून काढायला वेळ लागला. मग नवी दोरी घेतली, ओवली, आणि बोटं आपोआप तीच गाठ मारायला गेली. मी थांबलो. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तीच. कलाबाई डाळ निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं, दोरीची टोकं माझ्या हातातून घेतली आणि बायका परकराच्या नाडीला मारतात तशी गाठ मारली. एक टोक ओढलं. सगळी सुटली. तिने पुन्हा मारली, पुन्हा ओढून दाखवली. लहान पोराला शिकवावं तसं हळू.

"लुगडं-परकर धुवायचं तर माले सांगी ठेवा," ती म्हणाली. "तेपण शिकाडसू."

योगिता तोंडावर हात ठेवून हसत होती. लखनचेही खांदे हलले.

माझ्या बोटांना ती गाठ फार सैल वाटते. मारली तरी मारल्यासारखी वाटत नाही. संध्याकाळपर्यंत मी ती कुशीतल्या सगळ्या भोकांना मारली, दोन्ही टोकं पुढे, पंज्याला सापडतील अशी ठेवून. मग पत्रे खुंटीला अडकवून एकेक ओढून बघितली. सुटत होत्या.

शनिवार गेला. कुंदन आला नाही. त्याला कोणी मिळाला नसेल किंवा त्याने दुसरं काही उभं केलं असेल. सूट अजून खुंटीवर आहे, शिरस्त्राणावर योगिता टिकल्यांची पिशवी अडकवते. पाऊस यायच्या आधी तो उतरवून माळ्यावर टाकावा लागेल. मला रोज आठवण होते आणि रोज कंटाळा येतो.

दुपारी आम्ही तिघं एका रांगेत बसतो. जवळच्या बारीक टिकल्या मला आता नीट दिसत नाहीत, म्हणून मी पाकिटं फोडतो आणि झालेल्या साडीची घडी घालतो. लखन मान खाली घालून काम करतो. काल त्याची मान हलताना दिसली. काहीतरी म्हणाला असावा. ओठ साडीकडे होते.

"काय?" मी विचारलं.

त्याने टिकली दाबून बसवली, बोट पुसलं. मग तोंड वर केलं, माझ्याकडे वळवलं आणि पुन्हा म्हणाला.

"पाय दुखतायत आबा. जरा उशी सरकवा."

मी सरकवली.